पाखरांच्या मागून पेरणी

७ नोव्हेंबर १९८३, सोमवार

सही केली! ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, सगळ्या पुरुषमंडळींच्या देखत.

गांगुर्डे भाऊसाहेब आले होते. नवे कृषी सहायक. सायकलवरून घामाघूम होऊन येतात आणि पाणी प्यायच्या आधीच बोलायला लागतात. म्हणाले, बंधाऱ्याच्या बुडात एक प्रात्यक्षिक प्लॉट करायचाय. फवारणी करायची नाही, पाखरं हुसकायची नाहीत, पाण्याकडेचा पट्टा त्यांना मोकळा सोडायचा. बियाणं सरकारचं. कोण तयार आहे? सगळे हसले. रंगनाथ आप्पा तर मोठ्याने — "पाखरंच पाळायची तर कोंबड्या बऱ्या, भाऊसाहेब. अंडी तरी देत्यात!"

मी हात वर केला. हसणं एकदम थांबलं.

आता घरी येऊन चूल पेटवायची राहिलीय. पण का केलं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझा मलाच प्रश्न पडायला नको. दर साली तोच तमाशा. दिवाळी झाली की बंधाऱ्याचं पाणी मागे सरतं, काळा गाळ उघडा पडतो, आणि आम्ही पेरायला जायच्या आधी त्या गाळाचा लिलाव होतो. जमीन सरकारची, एका हंगामापुरती मिळते. रंगनाथ आप्पांची वर द्राक्षाची बाग आहे, तरी त्यांचा डोळा इथल्या तुकड्यांवर. आमच्या बौद्धवस्तीतल्या पाच घरांना ह्या गाळपेरीशिवाय हातभर जमीन नाही. आणि भाऊसाहेब सांगतात, जो प्रात्यक्षिक करून दाखवील त्याला आणि त्याच्या जोडीच्या घरांना पाच वर्षं लिलावाशिवाय जमीन. पाच वर्षं!

त्यांनी मगरी पाळा म्हटलं असतं तरी मी हात वर केला असता.

९ नोव्हेंबर

धोंडाबाई सकाळीच दारात. तिचा तुकडा माझ्या तुकड्याला लागून. कंबरेवर हात ठेवून म्हणते, "आगं सुला, ते करकोचे उतरले म्हंजे दाणा ठिवीत नाय. अन् तू त्यांना जेवाया बोलावती व्हय?"

म्हटलं, तुझ्या ताटातलं देणार नाही.

"माझं ताट तुझ्या ताटाला लागूनच हाय ना!"

खरं आहे तिचं. पण मी माघार घेणार नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

हे मनमाडहून आले. रेल्वेच्या कारखान्यात आठवडाभर लोखंड बडवून येतात, त्यांना जेवण होईपर्यंत काही सांगू नये. मी अर्ध्या भाकरीलाच सांगितलं. घास हातात तसाच राहिला.

"सरकारी योजना म्हणजे मालगाडी असते," म्हणाले. "उभी राहिली की हलत नाही, आणि हलली की कुणाचं ऐकत नाही."

मी ताकाचा तांब्या पुढे केला. मग ताक पिता पिता म्हणाले, "केलंच आहेस तर पुरतं कर. अर्ध्यात सोडून हसं करून घेऊ नकोस." हे त्यांचं 'हो'. एवढ्या वर्षांत मला ते ओळखता येतं.

१८ नोव्हेंबर

भाऊसाहेब टेप घेऊन आले. योजनेत लिहिलंय — पाण्याच्या काठापासून वीस फूट पट्टा पाखरांसाठी मोकळा. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. चिखलात त्यांचा बूट रुतला तो निघेचना. शेवटी बूट मी काढला, ते मोजे घालूनच उभे. खुंट्या ठोकल्या. छान दिसतंय. आता खुंट्यांच्या अलीकडे मी, पलीकडे पाखरं.

२५ नोव्हेंबर

काय बाई ही डोकी!

पाणी सरकलं ना मागे. सरकणारच! गाळपेर म्हणतात ती हीच. खुंट्या आता कोरड्या भेगाळ जमिनीत उभ्या आहेत आणि पाणी तिथून कितीतरी लांब. भाऊसाहेबांना विचारलं, कुठला काठ धरायचा? त्यांनी तालुक्याला विचारलं. उत्तर आलं — अर्जाच्या दिवशीचा काठ धरावा.

म्हणजे पाखरांचा पट्टा कोरड्या ढेकळांत. तिथे येऊन ती काय वाळवण घालणार आहेत? त्यांना लागतो ओला चिखल. तो तर रोज पुढे पुढे चाललाय.

बांधावर बसून पुष्कळ विचार केला. मग भाऊसाहेबांना म्हटलं, खुंट्या उपटते. पाणी सरलं की नवा चिखल आधी पाखरांना. त्यांचं उकरून, खाऊन झालं आणि ती पाण्यामागे पुढे गेली, की मागून मी पेरणार. पट्टा जागचा नाही, चालता.

भाऊसाहेब डोकं खाजवत म्हणाले, "वर कळवावं लागेल, ताई."

"कळवा. तोवर मी पेरते."

२९ नोव्हेंबर

आले! करकोचे आले!

आधी आवाज. आभाळात कुणी जुनं दार लोटतंय तसा. मग रांगाच रांगा. राखी अंग, काळी मान, कानामागे पांढरी पिसं. दर साली येतात, दर साली आपण त्यांना बघितलं की आधी डबा शोधायचा आणि बडवायचा. ह्या वेळी पहिल्यांदा नुसतं बघत उभी राहिले. एवढी देखणी असतात हे माहीतच नव्हतं मला. बाकीचे सगळे डबे बडवत होते, म्हणून सगळेच्या सगळे माझ्या तुकड्यात उतरले.

धोंडाबाई ओरडली, "घे! आले पाव्हणे!"

६ डिसेंबर

निम्मी वस्ती दादरला गेली. हेही मनमाडहून परस्पर गेले. मला जायचं होतं, पण मी नसले की कुणीतरी माझ्या तुकड्यात डबा बडवणार. सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि खाली गाळात गेले.

कुणी नाही. मी आणि करकोचे. मागच्या पट्ट्यात हरभरा टोकत होते. गाळ चिकटला म्हणून सवयीने घमेल्यावर खुरपं आपटलं — खण्! सगळी पाखरं एकदम उडाली. आभाळ भरून गेलं आणि चिखल रिकामा. वाईट वाटलं. घरात कुणी झोपलेलं असताना भांडं पडल्यासारखं.

पण घमेलं न वाजवता काम कसं व्हायचं? वाजणारच. त्यांनीच सवय करून घ्यावी.

१२ डिसेंबर

धोंडाबाईचा हरभरा वीतभर झालाय. माझा अर्धा तुकडा अजून पेरायचाय, तिथे पाखरं फिरतायत. वाट बघायची म्हणजे काय असतं ते कळतंय! पाणवठ्यावर बाया मला बघून बोलायच्या थांबतात. लताबाई — आमच्या पाच घरांतलीच — तोंडावर म्हणाली, "तुझ्या नादानं आमची पण जमीन जायची. पीक नाय दिसलं तर साहेब काय पाखरांचा फोटो घेऊन पाच वर्षं देणार हाय?"

चांदवडच्या कांद्यात वाढलेली मी, एवढ्यातेवढ्याने डोळ्यांत पाणी येत नाही. आज आलं.

उद्या पुन्हा जाणार.

१९ डिसेंबर

मेली.

रंगनाथ आप्पांनी ह्या सालीही लिलावात माझ्या पलीकडचा तुकडा घेतलाय. त्यांच्या कडेला पाखरं पडली होती. पंख पसरलेले, माना वाकड्या. शेजारी गहू टाकलेले. वासावरून कळलं, एंड्रीनमध्ये, फवारणीच्या विषात भिजवलेले. मी खाली बसून रडले, मोठ्याने. कुणी ऐकलं तरी चालेल असं रडले.

मग त्यातलं एक उचललं, पदरात घेतलं आणि थेट द्राक्षबागेवर गेले. आप्पा चहा पीत होते. पाखरू त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"कोवळा हरभरा मुळासकट उपटला माझा," ते म्हणाले. "पाखरं तुझी अन् नुकसान माझं, आसं व्हय?"

खोटं नव्हतं ते. मग म्हटलं, "आप्पा, गहू टाकलेत ते पाण्याच्या कडेला. तुमची जनावरं त्याच पाण्यावर जातात. आमच्या पोरी तिथेच हंडे भरतात."

कपबशी खाली ठेवली त्यांनी. संध्याकाळपर्यंत त्यांच्या गड्याने टाकलेले गहू माती खरवडून उचलले. मेलेली पाखरंही पुरली. मी तिथे उभी राहून पुरेपर्यंत बघितलं.

२१ डिसेंबर

करकोचे नाहीत.

२४ डिसेंबर

नाहीत. चिखल नुसता पडून आहे. पेरू का नको? पेरलं तर 'पाखरांच्या मागून पेरणी' कसली? नाही पेरलं तर ओल जाईल. भाऊसाहेब म्हणतात, "ताई, पेरून टाका, कोण बघतंय."

मी बघतेय!

२७ डिसेंबर

आले. सगळे नाही, पण आले. एवढा आनंद झाला की धोंडाबाईला मिठी मारली. तिने मला वेड्यात काढलं.

७ जानेवारी १९८४

आज एक गोष्ट बघितली. खरी वाटत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बघितली.

लव्हाळा नाही!

गाळात पेरणाऱ्या माणसाला विचारावं लव्हाळा म्हणजे काय. वरून उपटा, खाली गाठी तशाच. पंधरा दिवसांत पुन्हा हिरवागार, पिकाच्या वर. दर साली आमची अर्धी थंडी त्याच्यापुढे उकिडवं बसण्यात जाते. धोंडाबाईच्या तुकड्यात आत्ताही भरलाय, ती आणि तिची सून सकाळपासून खुरपतायत. माझ्यात कुठे कुठे एखादी काडी. जिथे जिथे पाखरं फिरली तिथे माती खालवर झालेली. ओंजळीत घेऊन चाळली — गाठी नाहीत. खाऊन टाकल्यात! इतके दिवस मान खाली घालून ती काय उकरत होती ते आज कळलं.

आम्ही डबे बडवून कुणाला हाकलत होतो!

धोंडाबाईला बोलावलं. तिने स्वतः खुरपं घालून पाहिलं, चार ठिकाणी. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याकडं पण दोनचार धाड की."

१६ जानेवारी

अळी. हरभऱ्याला घाटे धरायच्या आधीच आली. आणि फवारणी करायची नाही! भाऊसाहेबांनी पुस्तकात बघून सांगितलं, पिकात वाळक्या फांद्या रोवा, पाखरं बसायला. बाभळीच्या फांद्या आणून रोवल्या. शेत कसं केस विंचरायचे राहिलेल्या बाईसारखं दिसतंय. साळुंक्या दुपारीच येऊन बसल्या. आणखी काळे कोतवाल, शेपट्या हलवत. आता त्यांनी त्यांचं काम करावं.

२२ जानेवारी, रविवार

काम केलं त्यांनी. सगळी अळी गेली नाही, पण पीक उभं आहे. ह्यांना हाताला धरून खाली नेलं. कारखान्यातला माणूस, गाळात पाय घालायला का कू करतो. बराच वेळ उभे राहिले. "उशिराची गाडी, पण वेळ भरून काढतेय," एवढंच म्हणाले. मला तेवढं पुष्कळ झालं.

आणि परत येताना बांधावर रंगनाथ आप्पा. गुडघ्यावर बसून माझ्या तुकड्यातली माती चाळत होते! माझी चाहूल लागली तसे उठले, धोतर झटकलं. "सुलाबाई, पुढल्या साली मी पण गप बसतो. डबे नाय, औषध नाय. लव्हाळ्यापायी मजूर मिळंना झालेत."

सुलाबाई म्हणाले. आजवर 'ए सुला' होते.

२ फेब्रुवारी

आता त्यांना माझा काही धाकच उरलेला नाही! आज टोपलीभर गाळ निघाला घमेल्यातून, खुरप्याने खणाखणा बडवलं. एक मान वर आली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा खाली. बस्स! मी हसत सुटले. मुद्दाम अजून वाजवलं. कुणी ढुंकून बघेना. सगळ्या बंधाऱ्यावरची पाखरं आता आमच्याच पाच तुकड्यांत असतात. धोंडाबाईनेही डबा टाकून दिला, लताबाईनेही.

घरी येऊन घमेलं घासून पालथं घातलं. उगाच त्याचे लाड करावेसे वाटले.

१० फेब्रुवारी

नाशिकहून मोठे साहेब येऊन पीक बघून गेले. माझ्या घरी चहा घेतला. पाच वर्षांचं जवळजवळ झालंच, असं भाऊसाहेब म्हणाले. लताबाईने माझ्या घरी वाटीभर खीर पाठवली. न बोलता पाठवली, पण पाठवली.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

भाऊसाहेब आले ते ओट्यावर बसलेच नाहीत. उभ्यानेच बोलले. पाणीही प्यायले नाहीत.

साहेबांना पाखरं फार आवडली. त्यांनी वर सांगितलं. वरच्यांनी आणखी वर सांगितलं. आता मंगळवारी वनखात्याचे साहेब बघायला येणार. सांगितली तेवढी पाखरं खरंच दिसली, तर बंधाऱ्याचं सगळं बूड राखीव करायचं. पाखरांसाठी. पेरणी बंद.

"आणि आमची पाच वर्षं?"

"राखीव झालं तर लिलावही नाही आणि पाच वर्षांचा करारही नाही, ताई."

"पण पाखरं आमच्या पेरणीमुळे आली! आम्ही त्यांना चिखल सोडला म्हणून! आम्ही गेलो तर तिथे लव्हाळा आणि बाभळी माजतील, पाखरं राहतील का?"

"मी हे बोललो. दोनदा बोललो." त्यांचा चेहरा बघवेना. "ते म्हणाले, शेती आणि अभयारण्य एकत्र कसं असेल?"

मी करून दाखवलं ना एकत्र! तेच तर करून दाखवलं!

१९ फेब्रुवारी, रविवार

पाची घरं आमच्या अंगणात. रंगनाथ आप्पाही आले, पहिल्यांदा आमच्या वस्तीत बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं — साहेब यायच्या आधी सगळ्यांनी डबे बडवायचे, फटाके लावायचे. त्या दिवसापुरती पाखरं उठली की झालं. साहेब रिकामा चिखल बघून जाईल. जमीन वाचेल.

लताबाई म्हणाली, हेच करायचं. धोंडाबाई माझ्याकडे बघत राहिली. हे म्हणाले, "तू सांगशील तसं."

मी म्हटलं, एक दिवस विचार करते.

२० फेब्रुवारी

ठरलं. फटाके नाहीत. दगड नाहीत. पाखरं मी बोलावली, उठवीन ती मीच. एका सकाळपुरती. बाकीच्यांनी बांधाआड थांबायचं, कुणी तोंडातून आवाज काढायचा नाही — तसं सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. पाच घरांची भाकरी आहे, इथे मन घट्ट करायलाच हवं. उठून जातील, दोन दिवसांनी येतील. मागेही आली होती. एवढं सगळं झाल्यावरही आली होती.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

घमेलं आणि खुरपं घेऊन गेले. पाखरांच्या मधोमध उभी राहिले आणि बडवलं. हात दुखेपर्यंत. ओरडले. पदर हलवला. धावले त्यांच्या अंगावर. ती चार पावलं बाजूला झाली, मला वाट दिली आणि पुन्हा उकरायला लागली.

एकही उठलं नाही. मी बडवतच होते, तोवर बांधावर जीप.

साहेब खाली उतरले. आधी पाखरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, ही तुम्हाला घाबरत नाहीत?"

"नाही," म्हटलं.